शाळेचा निकाल वाढला? आधी नववीचं रजिस्टर बघा

ताई, तुमचा प्रश्न लांब आहे तर उत्तरही लांबणारच, चहा घेऊन बसा. तुम्ही विचारलं ते थोडक्यात असं, की तुमची नागपुरात पारडीकडे अभ्यासिका आहे, तिथल्या चौकात मनपा शाळेचा दहावीचा निकाल एकदम वर गेल्याचा बॅनर लागलाय, माजी नगरसेवकाचा हात जोडलेला फोटो वगैरे. तुमचे सासरे म्हणतात हे सगळं कागदी आहे, आणि शिकागोतले तुमचे दीर म्हणतात आमच्याकडेही शहरातल्या सरकारी शाळांचा ग्रॅज्युएशन रेट, म्हणजे बारावी पूर्ण करणाऱ्यांचा टक्का, असाच दणादण वाढला, मग खरं मानायचं का नाही. आणि जाता जाता एका नववीतल्या पोट्ट्याचं लिहिलंत, ज्याच्या आईला त्याच शाळेनं एलसी (शाळा सोडल्याचा दाखला) घेऊन १७ नंबरचा, म्हणजे खाजगीरीत्या दहावीला बसायचा फॉर्म भरा म्हणून सांगितलं. त्या पोट्ट्याचं शेवटी घेतो, पण बॅनर आणि तो पोट्टा हे दोन वेगळे प्रश्न नाहीत एवढं आताच सांगून ठेवतो.

मी आधी गणित शिकवायचो, नंतर शहर साधन केंद्रात शाळांचे आकडे गोळा करण्यात आणि निकालपत्रकं चाळण्यात बरीच वर्षं गेली. त्यामुळे निकालाची टक्केवारी कोणी सांगितली की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, भाऊ, कशाला भागून आली ही टक्केवारी?

आपल्याकडे दहावीचा निकाल म्हणजे परीक्षेला प्रविष्ट झालेल्या मुलांपैकी पास किती. यात वरचा आकडा, म्हणजे पास किती, तो बराचसा बोर्डाच्या हातात असतो, पेपर बोर्ड काढतं, तपासतो दुसऱ्याच शाळेतला मास्तर. पण खालचा आकडा, म्हणजे परीक्षेला बसणार कोण, तो पूर्ण शाळेच्या हातात. अमेरिकेत नेमकं उलटं आहे. तिथे आपल्यासारखी सगळ्यांना एक बोर्डाची परीक्षा नाही, नववी ते बारावी चार वर्षांत विषयांचे क्रेडिट जमवायचे, ते क्रेडिट शाळाच देते आणि डिप्लोमाही शाळाच देते. पण खालचा आकडा त्यांनी २०१०-११ पासून देशभर बांधून टाकला, नववीत पहिल्यांदा आलेली सगळी मुलं धरायची, मधे बदलून आलेली मिळवायची, दुसऱ्या शाळेत खरंच गेलेली, देश सोडून गेलेली, वारलेली तेवढी वजा करायची आणि मग बघायचं की चार वर्षांत डिप्लोमा किती जणांच्या हातात पडला. या हिशोबानं देशाचा आकडा २०१०-११ ला ७९ टक्के होता, २०१६-१७ ला ८५ झाला. म्हणजे तिथे वरचा आकडा शाळेच्या हातात, आपल्याकडे खालचा. आणि ज्याचा हात जिथे पोचतो तिथेच गडबड होते, नागपूर असो का शिकागो.

आता आपल्या खालच्या आकड्याचं बघू. समजा एका शाळेत आठवीत ६० मुलं होती. आठवीपर्यंत नापास करायची सोय शिक्षण हक्क कायद्यानं २०१० पासून बंद केली होती (आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली आहे ते वेगळं), त्यामुळे सगळी ढकलत नववीत आली. नववीत मात्र शाळा मोकळी. तिथे २० नापास झाली, त्यातली काही परत नववीत बसली, काहींनी एलसी नेली, काही नुसतीच यायची बंद झाली. दहावीला फॉर्म भरले ३८, पास झाले ३६. बॅनरवर काय येईल? ९४.७४ टक्के. आणि आठवीतल्या ६० पैकी वेळेत दहावी पास किती? ३६, म्हणजे ६० टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत, कोणी खोटं बोललेलं नाही, फक्त बॅनरवर एकच छापला. पुढच्या वर्षी याच शाळेनं नववीत अजून पाच कच्ची मुलं थांबवली तर निकाल ९८ वर जाऊ शकतो आणि शिकवण्यात काडीचाही फरक पडलेला नसेल.

हे कुठे सापडतं ते सांगतो. शाळेचं जनरल रजिस्टर असतं ना, दाखल खारीजचं, त्यात शेवटच्या रकान्यांत शाळा सोडल्याची तारीख आणि कारण लिहिलेलं असतं. नववीच्या मुलांच्या ओळी काढून बघा. ‘पालकाचे विनंतीवरून’, ‘पालकाचे विनंतीवरून’, ‘पालकाचे विनंतीवरून’, एकाच अक्षरात, एकाच पेननं, तारखा एप्रिल-मे-जूनमधल्या, म्हणजे नववीचा निकाल लागला रे लागला की. आता कळमना मार्केटमध्ये हमाली करणारा बाप एकाएकी कोणती विनंती घेऊन शाळेत जातो बाप्पा? विनंती कोणी कोणाला केली हे ज्यानं रजिस्टर लिहिलं त्याला चांगलं माहीत असतं. मुलगा छिंदवाडा-बालाघाटकडे गावी परत गेला असेल तर ते खरं स्थलांतर, तसं पुष्कळ होतंही. पण त्याच वस्तीत राहणारा मुलगा दाखला नेतो आणि त्या दाखल्यावर पुढे कुठल्याच शाळेत प्रवेश होत नाही तेव्हा ती गळतीच, रकान्यात काहीही लिहा.

हे फक्त आपल्याकडचं पाप समजू नका. टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा शाळांचा कारभार २००० च्या आसपास अख्ख्या अमेरिकेत आदर्श म्हणून मिरवला जात होता, तिथले सुपरिंटेंडंट रॉड पेज पुढे देशाचे शिक्षणमंत्री झाले. आणि २००३ मध्ये बाहेर आलं की तिथल्या शार्प्सटाउन हायस्कूलमध्ये २००१-०२ ला सोळाशेच्या वर मुलांपैकी ४६३ शाळा सोडून गेली होती आणि शाळेनं गळती दाखवली होती शून्य. कोणी दुसऱ्या शाळेत गेलं, कोणी मायदेशी गेलं असे कोड टाकून मोकळे. आपल्या ‘पालकाचे विनंतीवरून’चा इंग्रजी भाऊच म्हणा. त्यानंतरच्या वर्षांत तिकडे खालचा आकडा बांधायची मागणी जोर धरू लागली त्यात अशा प्रकरणांचाही वाटा होता.

आता वरचा आकडा. मी म्हटलं तो बोर्डाच्या हातात, पण बोर्ड म्हणजे काय आकाशातून पडलेली वस्तू नाही, नियम बदलला की निकाल बदलतो. नागपूर विभागाचाच निकाल घ्या. २०१८ ला ८५.९७ टक्के. २०१९ ला ६७.२७. २०२० ला ९३.८४. काहून असं झालं? एका वर्षात मास्तर बिघडले आणि पुढच्या वर्षी सुधरले का? २०१९ ला नवा अभ्यासक्रम होता आणि भाषा विषयांचे शाळेच्या हातातले तोंडीचे २० मार्क काढून टाकले होते, निकाल आपटला, पालकांनी आरडाओरड केली, तर पुढच्या वर्षी ते मार्क परत आणले. वरून लॉकडाऊनमुळे २०२० चा भूगोलाचा पेपर झालाच नाही, त्याचे मार्क सरासरीनं दिले. २०२१ ला परीक्षाच नव्हती, राज्याचा निकाल ९९.९५. २०२२ ला अभ्यासक्रम कमी, वेळ जास्त आणि शाळा तिथेच केंद्र, नागपूर विभाग ९७.

त्या २० मार्कांचं गणित कधी मांडून बघितलंय का? पास व्हायला १०० पैकी ३५ पाहिजेत. तोंडीत, स्वाध्यायात शाळेनं २० पैकी १८ दिले, आणि बहुतेक शाळा देतातच कारण कोण आपल्याच पोराचं नुकसान करणार, तर लेखीत ८० पैकी १७ आले तरी गडी पास. मी त्या २० मार्कांच्या विरोधात नाही बरं का, ज्या पोरीला लिहिता येत नाही पण बोलता झकास येतं तिला संधी मिळायलाच पाहिजे. पण तोंडीच्या यादीत वर्गातल्या सगळ्यांना १८-१९-२० दिसले की ती परीक्षा नव्हती, वाटप होतं.

म्हणून बॅनरवर कोणत्या वर्षापासून वाढ मोजली ते बघा. २०१९ पासून मोजली असेल तर हसून पुढे जा, त्या वर्षापासून कोणीही मोजलं तरी झेप दिसते. आणि शाळेचा निकाल एकटा बघूच नका, त्याच वर्षीचा विभागाचा निकाल शेजारी ठेवा. नागपूर विभाग २०२३ ला ९२.०५, २०२४ ला ९४.७३, २०२५ ला ९०.७८. आता २०२५ ला विभाग चार टक्क्यांच्या आसपास खाली आला असताना तुमची शाळा जागेवर टिकली असेल तर मी त्याला सुधारणा म्हणेन, आणि २०२४ ला विभाग वाढला तेवढीच ती वाढली असेल तर त्यात शाळेचं विशेष काय? राज्यात त्या वर्षी ९५.८१ होते, सगळ्यांचीच दिवाळी होती.

अजून एक बारीक गोष्ट जी वर्तमानपत्रवाले विसरतात. मनपाच्या कितीतरी माध्यमिक शाळांत दहावीला मुलंच थोडी असतात. २५ जणांच्या वर्गात एक पोरगा म्हणजे ४ टक्के. दोन पोरं कावीळ होऊन घरी बसली तर निकाल ८ टक्के पडला, त्याला कोणी कारणे दाखवा नोटीस काढू नये आणि पुढच्या वर्षी ८ वाढला तर ढोलताशेही वाजवू नयेत. अशा शाळेचं तीन-चार वर्षांचं एकत्र धरून बघायचं. आणि मधे एखादी शाळा बंद करून दुसरीत विलीन केली, उर्दू किंवा हिंदी माध्यमाची तुकडी हलवली तर जुना आकडा आणि नवा आकडा एकाच शाळेचे राहत नाहीत, पाटी तीच असली तरी.

अमेरिकेत वरच्या आकड्याची गडबड कशी होते त्याचं ठळक उदाहरण वॉशिंग्टन डीसीचं. २०१७ मध्ये शहराचा रेट ७३ टक्के, तेव्हापर्यंतचा सगळ्यात जास्त, सत्कार झाले, बातम्या झाल्या. त्याच वर्षी बॅलू नावाच्या हायस्कूलबद्दल रेडिओच्या पत्रकारांनी शोधून काढलं की डिप्लोमा घेतलेल्यांतली निम्मी मुलं वर्षातले तीन महिन्यांहून जास्त दिवस शाळेत आलीच नव्हती. मग चौकशी बसली आणि २०१८ च्या जानेवारीत अहवाल आला की शहरात डिप्लोमा मिळालेल्या २,७५८ पैकी ९३७ जणांना नियमाप्रमाणे तो मिळायलाच नको होता, एकतर गैरहजेरी किंवा घाईघाईत उरकलेले क्रेडिट. नापास विषय कॉम्प्युटरवर थोडक्यात उरकून क्रेडिट भरून काढायची सोय तिकडे असते, चांगल्या हेतूची आहे, पण मे महिन्यात मुख्याध्यापकाच्या डोक्यावर टक्का बसला की ती कशी वापरली जाते ते तुम्हाला मी सांगायला नको, तुम्ही अभ्यासिका चालवता. कडक तपासणी सुरू झाल्यावर पुढच्या वर्षी तोच रेट ७० च्या खाली आला. आणि कधी कधी तर कोणी लबाडी करत नाही, सरकारच उंबरठा काढून टाकतं, कॅलिफोर्नियात डिप्लोमासाठी पास व्हावी लागायची ती परीक्षा २०१५ मध्ये बंद केली. त्यानंतरचा आकडा आधीच्याशी कसा जुळवणार?

इथपर्यंत वाचून तुमचे सासरे खूश झाले असतील. त्यांना म्हणा थांबा बाबूजी, आता शिकागो येतंय.

शिकागोत पण गडबड सापडली होती. २०१५ मध्ये पत्रकारांनी दाखवलं की पर्यायी शाळांत गेलेली किंवा घरी बसलेली मुलं ‘शहर सोडून गेली’ म्हणून यादीतून काढली होती, आणि शाळा खात्याला २०१४ चा आकडा ६९.४ वरून ६६.३ वर आणावा लागला. पण खाली आणल्यावरही मागच्या कित्येक वर्षांची वाढ उरलीच, त्याच काळात मुलांचे एसीटी या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेतले मार्कही वाढले, जे शाळेच्या हातात नसतात. मग तिथे झालं काय होतं? तर शिकागो विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २००५ च्या सुमारास दाखवून दिलं की मुलगा बारावी पूर्ण करणार का नाही हे नववीच्या शेवटी बऱ्यापैकी कळतं. नववीत पुरेसे क्रेडिट आणि मुख्य विषयांत एका सत्रापेक्षा जास्त नापास नाही, एवढं असलं तर तो मुलगा वेळेत डिप्लोमा घेण्याची शक्यता इतरांच्या साडेतीन पट. मग शाळांनी नववीच्या पोरांमागे लागायचं ठरवलं, दर काही आठवड्यांनी यादी काढायची, कोण चार दिवस आला नाही, कोणाचा एक विषय घसरून राहिला, आणि त्याच आठवड्यात त्याला गाठायचं. असे रुळावर असलेले नववीचे विद्यार्थी २००७ मध्ये ५७ टक्के होते ते २०१३ मध्ये ८२ झाले. तुमचे दीर म्हणतात ती वाढ यातूनही आली, नुसत्या कागदातून नाही. तेव्हा सगळं खोटं म्हणणं हेही आळशीपणाचंच उत्तर आहे, आकडा न वाचता नाकारणारा आणि न वाचता नाचणारा दोघं सारखेच.

आणि बघा, नववीच. त्यांनी नववीत पोरांना धरलं, आपण नववीत पोरांना सोडतो. दोन्हीकडे पुढचा निकाल वाढतो.

आता तुम्ही प्रत्यक्ष काय विचारायचं. शाळेत जा, भांडायला नाही, मुख्याध्यापकही जात्याच्या दोन तळ्यांत अडकलेला असतो, वरून टक्का मागतात आणि अर्धे शिक्षक निवडणुकीच्या नाहीतर सर्वेच्या कामावर. त्यांना म्हणा सर, या दहावीची बॅच आठवीत असताना पटावर किती होती, नववीत वार्षिक परीक्षेला किती बसली, दहावीला नियमित म्हणून किती फॉर्म गेले, आणि आपल्या शाळेच्या मुलांचे १७ नंबर किती. हा शेवटचा प्रश्न विसरू नका, कारण खाजगीरीत्या बसलेल्या मुलांचा निकाल बोर्ड वेगळा मांडतं, बॅनरवरच्या टक्केवारीत तो येत नाही. चांगल्या शाळेतला मुख्याध्यापक हे आकडे तोंडपाठ सांगतो, उलट त्याला बरं वाटतं कोणीतरी नीट विचारलं म्हणून. नसतीलच देत तर माहितीचा अधिकार आहे, पण तो नंतर.

पूर्वी हे सगळं खरंच अवघड होतं, आता एक गोष्ट बदलली आहे. यू-डायस प्लसवर, म्हणजे केंद्र सरकारच्या शाळांच्या माहितीच्या पोर्टलवर, २०२२-२३ पासून शाळेची बेरीज न घेता एकेका विद्यार्थ्याची नोंद होते, प्रत्येकाला कायमचा पेन नंबर असतो. शाळा सोडलेला पण दुसरीकडे दाखल न झालेला विद्यार्थी ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये दिसतो. म्हणजे एलसी नेलेला पोट्टा खरंच कुठे गेला का नुसता ड्रॉपबॉक्समध्ये पडून आहे हे शाळेला, गटाला, मनपाच्या शिक्षण विभागाला स्क्रीनवर दिसतं. एक सावधगिरी घ्या, ही पद्धत बदलल्यामुळे २०२१-२२ आणि त्यानंतरचे गळतीचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून कोणी ‘गळती घटली’ किंवा ‘पट पडला’ म्हणत असेल तर ती तुलना चालत नाही, केंद्रीय शिक्षण मंत्रालयानंच तसं सांगितलं आहे. आणि शहराच्या शाळांबद्दल कोणी ‘असर’चा अहवाल तोंडावर फेकला तर त्यांना सांगा, तो ग्रामीण भागाचा सर्वे असतो, पारडी-कळमन्याबद्दल त्यात काही नाही.

मार्कांची यादीही मागा, नावं झाकून दिली तरी चालेल. टक्केवारी सोडा आणि ३५ ते ४५ मध्ये किती पोरं अडकली ते मोजा. शिकवणं खरंच सुधारलं असेल तर काठावरची गर्दी हळूहळू ५०-६० कडे सरकते, प्रथम श्रेणी वाढते, गणिताच्या लेखी मार्कांत फरक दिसतो. पास वाढले पण सगळे ३५-३६-३७ वरच बसले असतील तर तो बहुतेक तोंडीच्या मार्कांचा आणि ग्रेसचा निकाल आहे. तरी त्यालाही तुच्छ लेखू नका, त्या काठावरच्या कागदावर आयटीआयच्या बऱ्याच ट्रेडचं दार उघडतं, हिंगणा-बुटीबोरीत कामाला लागताना तो कागद विचारतात, आणि ज्या घरात मुलगी नापास झाली की लगेच स्थळं बघतात तिथे तिला दोन वर्षं मिळतात. शाळेनं फक्त त्याला गुणवत्तेची क्रांती म्हणू नये.

आणि जमलं तर एक वर्ष थांबून बघा की मागच्या वर्षी पास झालेल्यांतले अकरावीत किंवा आयटीआयमध्ये आज किती टिकून आहेत. नागपूर शहरात अकरावीचे प्रवेश २०१७ पासून ऑनलाइन आहेत, पण प्रवेश झाला म्हणजे पोरगा कॉलेजात जातो असं नाही, हे तुमच्या अभ्यासिकेतल्या मोठ्या पोरांना विचारलं तरी कळेल. माझ्या मते कोणत्याही शाळेची ही सगळ्यात खरी परीक्षा आणि ती कोणीच घेत नाही.

तुमच्या बॅनरवाल्या शाळेबद्दल मी इथून निकाल देणार नाही, पण एवढं तुमच्याच पत्रात आहे की त्याच शाळेनं नववीतल्या एका पोराला बाहेरचा रस्ता दाखवलाय. एकावरून सगळं ठरत नाही, असे पाच-सहा निघाले तर ठरतं.

आता तो पोट्टा. त्याच्या आईला आजच सांगा की शाळेनं पुढे केलेल्या अर्जावर अंगठा किंवा सही करू नको. दाखला पालकाच्या अर्जावर निघतो, अर्जच नसेल तर शाळेला त्याला पटावर ठेवावं लागतं. १७ नंबर वाईट नाही, कामावर जाणाऱ्या पोरांसाठी, शाळा सुटलेल्या बायांसाठी तो चांगला रस्ता आहे, पण १४-१५ वर्षांच्या पोराला घरी बसवून तुझं तू वाच म्हणणं म्हणजे त्याला सोडून देणंच, कोणत्या शिकवणीचे पैसे आहेत त्या घरात? लेखी अर्ज द्या की मुलाला फेरपरीक्षा द्या, कोणत्या विषयात किती मार्क कमी पडले ते लेखी द्या, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का आणि आवक नंबर घ्या. नाही घेतला तर तोच अर्ज मनपाच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे आवक करा. बहुतेक वेळा शिक्का मागितला की तिथेच गाडी थांबते. मधल्या काळात त्याला तुमच्याकडे बसवा, गणित आणि इंग्रजी एवढंच धरा, आणि कोणत्या धड्यात अडलाय ते मला कळवा, सराव पेपर मी पाठवतो.